नसीमआपांचा हलका कॅमेरा

हॉलमध्ये शिरल्यावर नसीमआपा कॅमेरा बाहेर काढायच्या आधी पडद्यांमागे हात घालून पाहायच्या. एसी दुरुस्त करणारा माणूस आत राहिला नाही ना, याची चौकशी करायच्या. कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला मोबाइल पालथा करून ठेवायच्या. मग दार लावून घेत म्हणायच्या, "आता नाचा."

मुस्लिम लग्नांत बायकांच्या बाजूला फोटोवाला पुरुष चालत नाही. तेव्हा अमरावती म्हणा, अकोला म्हणा, बोलावणं नसीमआपांनाच. त्यांच्यासमोर बायका ओढणी बाजूला ठेवून मोकळ्या हसायच्या, कारण आपांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड आपांच्या हातातून सुटत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अल्बमसुद्धा त्या नवरीच्या आईच्याच हातात द्यायच्या.

माझं अमरावतीत कॅमेऱ्याचं दुकान आहे, वडिलांनंतर मी चालवते. समोर बाई बसते म्हणून आपा माझ्याकडे यायला लागल्या, पण संशय काही सुटला नव्हता. नव्या कार्डाचं पाकीटसुद्धा उजेडाकडे धरून पाहायच्या. मला राग यायचा, आणि नंतर हसूही. पुढे त्यांची मान धरली, उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. गळ्यातलं वजन सोडा, नाहीतर काम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा कुठे त्या कुरकुरत मिररलेस कॅमेरा पाहायला आल्या.

हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "हा इतका हलका काहून आहे? आतून काय काढून घेतलं?"

"आरसा, आपा. जुन्यात असतो, यात नाही."

"म्हंजे सामान कमी अन् पैसे जास्त?" मग डोळा लावून म्हणाल्या, "हा त टीव्ही आहे. मी नवरीले पाहून राहिली का नवरीच्या फोटोले?"

मी हौसेनं त्यांचा फोन कॅमेऱ्याला जोडून दाखवला. काढलेला फोटो क्षणात फोनवर उमटला आणि आपांनी फोन टेबलावर टाकूनच दिला. "हे बंद कर पयले! फोटो हवेतून चालला अन् तू हसून राहिली?" दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी घाईत "केलं बंद" म्हणून टाकलं.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "दुकान बंद कर अन् चाल अकोल्याले." तिथल्या एका लग्नात बायकांच्या हॉलमध्ये नाचणाऱ्या नवरीचा, केस मोकळे सोडलेला फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरत होता. सासरी बोभाटा झाला होता, आणि सगळ्यांचा रोख आपांच्या नव्या कॅमेऱ्यावर होता. खरं सांगते, क्षणभर माझाही होता. त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती: फोनची जोडणी मी त्या दिवशी खरंच तोडली होती का, ते काही केल्या आठवेना. बसमध्ये आपांनी एकदाच विचारलं, "बंद केलं होतं ना तू?" मी "हो" म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

नवरीच्या माहेरी बैठकीत सात-आठ बायका होत्या. नवऱ्या मुलाची फुफी, म्हणजे आत्या, सगळ्यांत पुढे. "तुमचा कॅमेरा फोनसंगं बोलते म्हणे," ती म्हणाली. आपांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी मेन्यू उघडून पाहिला. जोडणी बंद होती. मी तसं सांगितलं, तर फुफी म्हणाली, "कॅमेरा इकणारी अजून काय सांगीन?"

मग आपांनी फिरत असलेला तो फोटो मागितला. बराच वेळ पाहिला, बोटांनी मोठा केला आणि फोन फुफीपुढे धरला. फोटोच्या डाव्या कडेला, डोळ्याला कॅमेरा लावून स्वतः आपाच उभ्या होत्या. "मी इथं उभी आहे. मंग हा फोटो मी कसा काढीन?"

पण फुफी हुशार होती. "म्हंजे समोरून कोणीतरी मोबाइलवर काढला. तुमच्या फोटोत ती दिसतच असन. दाखवा कार्ड."

आपांनी कॅमेरा पिशवीत घातला, चेन ओढली. "कार्ड मी कोणाले दाखवत नाही. याच भरवशावर तुमी मले बोलावता."

"मंग आमी काय समजायचं?"

"समजा काय समजायचं ते. फोटो पुसायले लावा सगळ्याइले. पोरगी शोधू नका."

परतीच्या बसमध्ये मी कबूल केलं की ते "हो" मी अंदाजानं म्हटलं होतं. आपा म्हणाल्या, "मले माहीत होतं. दुकानातून घरी गेली त्याच दिवशी मी दोनदा पाहून घेतलं." मी धीर करून विचारलं, "आणि ती मुलगी कोण, तेही माहीत आहे ना?"

"नवरीची लहान बहीण. अकरावीत आहे. बहीण चांगली दिसून राहिली म्हणून हौसेनं काढला, मैत्रिणीले धाडला असन. नाव घेतलं असतं, त उद्यापासून तिचं कॉलेज बंद." मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी कॅमेरा काढला, स्क्रीन माझ्याकडे दिसणार नाही असा धरला आणि एक फोटो पुसला. त्या एका फोटोनं त्यांचं नाव कायमचं साफ झालं असतं.

तसं ते झालं नाही. सगळ्यांवर संशय घेण्यात उभा जन्म घालवलेल्या या बाईवर, कार्ड दाखवलं नाही म्हणजे तीही सामील असणार, असा अकोल्यानं संशय धरला तो धरलाच, आणि तिथली कामं एकेक करत तुटली. मी कितीदा चिडले, भांडले. त्यांनी त्या मुलीचं नाव कधी कुणापुढे घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. फोटोला नागपूरची कुणी बाई बोलावली होती. मी धुसफुसतच आपांना ही बातमी सांगितली.

"लग्नाच्या आदी शिकून झालं का तिचं?" त्यांनी विचारलं.

"बी.एस्सी. झाली म्हणे."

"मंग ठीक आहे," आपा म्हणाल्या.