पूर्ण वाचा, मॅडम

"काय म्हणून राहिलं ते? वाचा."

हे म्हणताना आमचे कॉम्प्युटर सांभाळणारे सर स्क्रीनकडे बघतच नसत. आमच्या खुर्चीमागे उभे राहून, चष्मा काढून, शर्टाच्या टोकाने काचा पुसत राहायचे. आपण म्हणायचं, "एरर आलीय सर, बघा ना." त्यावर त्यांचं ठरलेलं, "एरर आली ते दिसून राहिलं. ती काय म्हणते ते वाचा. मोठ्यानं. पूर्ण."

तुम्हीही कुठल्या ऑफिसात बसत असाल, तर खरं सांगा, एरर पूर्ण वाचता का कधी? लाल फुली दिसली की आपण ती खिडकी बंद करतो आणि शेजारच्याला हाक मारतो. मी तरी तेच करायचे.

आमचं बिबवेवाडीतलं ऑफिस औषधांच्या घाऊक विक्रीचं. गोदाम लोणी काळभोरला. रोज सकाळी दहाला एक रिपोर्ट उघडायचा, कुठलं औषध किती शिल्लक आणि कुठलं मुदतीला आलंय. रिपोर्ट आमच्या स्क्रीनवर, पण त्याची सगळी माहिती गोदामातल्या सर्व्हरवर. मधलं कनेक्शन तुटलं की आकड्यांच्या जागी इंग्रजी मजकूर यायचा आणि निम्मं ऑफिस हातावर हात ठेवून बसायचं. ते कनेक्शन सांभाळणारा माणूस म्हणजे हे. मूळचे वर्ध्याकडचे, राहायला वारज्यात, वय पन्नाशीच्या पुढे. वीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांचं 'करून राहिलं' काही सुटलं नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचं आम्ही पुणेकरांनी सोडलं नाही. एकदा माझी नक्कल अगदी रंगात आली असताना ते डबा घेऊन मागे उभे. म्हणाले, "मॅडम, 'राहिलं' थोडं लांबवा. असं तर साताऱ्याचं वाटते." आणि शेजारी बसून जेवले.

एका खंडेनवमीला सकाळीच रिपोर्ट बंद पडला. मी शहाण्यासारखी मोठ्याने वाचायला लागले, सर्व्हर सापडत नाही वगैरे.

"'सापडत नाही' म्हणते ना? 'येऊ देत नाही' असं तर नाही म्हणत?"

"काय फरक पडतो?"

"अरे बापा! सापडत नाही म्हणजे घरच दिसत नाही. येऊ देत नाही म्हणजे घर आहे, पण दारावरचा तुम्हाला ओळखत नाही."

मग त्यांनी गोदामात फोन लावला. तिथले काका म्हणाले, "बंद केलाय साहेब. पूजा हाय ना आज. हळदीकुंकू लावलं, हार घातला. पूजेच्या दिशी कुनी हत्यार चालवतं व्हय?"

मी कपाळाला हात लावला. त्यांनी मात्र एवढंच विचारलं, "हार पंख्यात नाही ना गेला?" पुढच्या वर्षी आठवडाभर आधी एक मोडका कीबोर्ड घेऊन ते स्वतः लोणीला गेले. "पूजा याची करा. हा कायमचा सुट्टीवरच आहे." तो कीबोर्ड अजून दरवर्षी हार घालून घेतो.

त्यांचं एक चुकायचं. अडचण आली की आधी कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवायची, मग माणूस येणार, असा आमच्याकडे नियम. यांना कोणी नुसतं "सर, येता का जरा?" म्हटलं तरी हे हजर. "नोंदत बसतील, तोवर होऊन जाते ना काम," म्हणायचे.

आणि मग विभागप्रमुख म्हणून मला वरून निरोप आला, तुमच्या विभागातला एक माणूस कमी करा. मी काय केलं, तर रिपोर्ट काढला. कोणी किती तक्रारी सोडवल्या त्याचा. अगदी तळाला यांचं नाव. तो आकडा खोटा आहे हे मला माहीत होतं. प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा रकाना होता. एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. पण मग दुसऱ्या कोणाचं तरी नाव मला माझ्या तोंडाने घ्यावं लागलं असतं. मी रकाना कोरा सोडला.

शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, रिपोर्टचं एक होतं. मेल केला होता, वाचला का?"

"वाचला. बोलू नंतर," मी मान वर न करता म्हटलं.

मी दोनच ओळी वाचल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि ते गेले. मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

महिनाअखेरीला नियमाप्रमाणे त्यांचं लॉगिन बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिपोर्ट उघडेना. आमच्या उरलेल्या मंडळींनी सर्व्हर बंद करून चालू केला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. दोन दिवस हाच खेळ. गोदामात मुदत संपलेल्या पेट्या चांगल्या मालातून हाताने वेचत बसायची पाळी आली. तिसऱ्या दिवशी मी नाक मुठीत धरून त्यांना फोन केला.

"बोला मॅडम." आवाजात राग नाही, काही नाही. "काय म्हणून राहिलं ते?"

"कनेक्शन होत नाही म्हणतंय."

"ते वरवरचं झालं. खाली 'डिटेल्स' असेल, ते दाबा. आता वाचा."

मी वाचायला लागले. प्रवेश नाकारला आहे. या युजरला परवानगी नाही. युजरचं नाव... आणि मी थांबले.

"पुढं?"

मी माउस खिडकीच्या फुलीकडे नेला.

"पूर्ण वाचा, मॅडम."

मी वाचलं. त्यांचं नाव, मध्ये एक टिंब, मग आडनाव.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "हां. म्हणजे घर सापडलं, दारावरचा ओळखत नाही. सगळं माझ्याच लॉगिनवर चालून राहिलं होतं. पूर्वी घाईत लावलेलं, चूक माझी. वेगळं लॉगिन मंजूर करा, असं त्या मेलमध्ये लिहिलं होतं." मग कुठे जायचं, काय बदलायचं ते त्यांनी सावकाश सांगितलं. दहा मिनिटांत रिपोर्ट उघडला.

"आले आकडे?"

"आले. सर, तुम्ही सध्या..."

"शोधून राहिलो. या वयात कोण घेते? तुम्हाला फोन आला कोणाचा, माझ्याबद्दल विचारायला, तर दोन शब्द चांगले सांगाल."

"सांगेन," मी म्हटलं. माफी तेव्हाही मागितली नाही.

त्याच दुपारी मी त्यांच्याबद्दल लिहून काढलं. दोन शब्द नाहीत, चांगलं पानभर. खंडेनवमीसुद्धा आहे त्यात. तो कागद माझ्या खणात सगळ्यात वर ठेवलाय, फोन आला की मोठ्याने, पूर्ण वाचून दाखवायला. दीड वर्ष झालं. कोणी विचारलेलं नाही.