चालणाऱ्यांनी मागून यावे

घाटकोपरच्या आमच्या संकुलात, पुढच्या गेटकडे चढणाऱ्या गाड्यांच्या उतारावर, आईच्या पाठीमागे हॉर्न वाजला. वाजतच राहिला. वॉकर धरून ती जागीच थांबली.

पुढच्या टॉवरमधल्या गृहस्थाने गाडीची काच खाली केली. "काका, हा रॅम्प गाड्यांसाठी आहे. आजींना मागच्या गेटने न्या ना."

मी म्हणालो, "सॉरी."

पन्नाशी उलटलेला मी. आईला भिंतीला टेकवून उभे केले. गाडी गेली. वॉचमन हळूच म्हणाला, "आजी, राग नका मानू, पण मागून जा. नाहीतर मला बोलणी बसतात."

"तुझ्यावर कशाला रागावू रे? चाकं मलाच नाहीत."

मागच्या गेटला पायऱ्या आहेत, पुढे गटाराला लागून बोळ. वॉकर तिथे चालत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला रोज चालायला बजावले होते; नाहीतर पाय कायमचा आखडेल. पण हॉर्नच्या त्या दिवसापासून तिने खाली उतरणेच सोडले.

इथेच आधी आमची जुनी वसाहत होती, तिच्या मधोमध मैदान होते. लग्ने तिथे, जयंतीचा मंडप तिथे, संध्याकाळी बायकांच्या गप्पा तिथे. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरच्या माणसाने विचारले, मैदान हवे की घरटी पार्किंग? आम्ही पार्किंग मागितले. वसाहतीत एकाकडेही मोटार नव्हती. पण गाडीची जागा नावावर असणे म्हणजे माणसांत येणे, असे आम्हाला वाटले. मलाही वाटले. मैदानावर पार्किंगचे मजले चढले. पुढे नव्याने फ्लॅट विकत घेणाऱ्यांचा टॉवर, मागे आमची इमारत. आमच्या जागा आम्ही टॉवरवाल्यांच्या दुसऱ्या गाड्यांना भाड्याने दिल्या. ज्या जमिनीवर आई चालली असती, तिचे भाडे मी खात होतो.

एके दुपारी मी तिला म्हणालो, "चल, पायऱ्यांवरून धरून नेतो."

ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. "गावात आम्हाला वेशीतून जाऊ देत नव्हते. मागून वळसा. तुझा बाप म्हणाला, मुंबईला चल, तिथं रस्ता कुणाची जात विचारत नाही. आता तूच मागून चल म्हणतोस?"

आवाज चढला नव्हता. तोवर मी याला गैरसोय समजत होतो. गैरसोय नव्हती. वेस होती. आणि या वेळी ती आम्ही स्वतः मागून घेतली होती.

दुसऱ्या सकाळी आईला घेऊन मी उतारावर आलो. मधोमध. मागे तीच गाडी.

"काका, परत? रूल कळत नाही का?"

माझा आवाज मुळातच लहान. तेवढ्यातच बोललो. "आई चालते आहे. ती वर पोचली की तुम्ही या."

"कमिटीत तक्रार करीन."

"करा. मीही तिथेच येतो आहे."

कमिटीसमोर मी सपाट पायवाट मागितली, पुढच्या गेटपर्यंत. त्या वाटेसाठी पार्किंगच्या जागा सोडा म्हणालो, आधी माझी. आमच्याच इमारतीतला एकजण हसला. "भाऊ, घरबसल्या येणारं भाडं कोण सोडतं?"

मी सोडले. भाडेकरूला गाडी हलवायला सांगितली.

पायवाट अजून झालेली नाही. शेजारी बोलेनासे झाले आहेत. त्यांच्याही जागा जातील. जाव्यात. मोटारीसाठी आम्ही जमीन देऊन टाकली, ती मी पायांसाठी परत मागणार आहे. मिळेपर्यंत आईला रोज पुढच्याच दाराने नेईन. उताराच्या मधून. तिच्या चालीने.