सातवं गाणं : केशोरी मिक्स

काय सांगायचं आणि कोणत्या तोंडाने सांगायचं! फजिती घरातल्या घरात झाली असती, तर मी ती मुकाट्याने गिळून टाकली असती. पण ती झाली माइकवर, आणि माइक होता माझ्याच हातात. चहा येईपर्यंत सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, गावाने तेव्हाच हसून घेतलं आहे.

आधी मी कोण, ते ऐका. मी केशोरीचा. शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी. आणि आमच्या गावात जयंती असो, लग्न असो, नाहीतर कुणाचा निरोप समारंभ असो, निवेदन माझं. माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. त्यामुळे आवाजातलं आपल्याला फार कळतं, असा माझा समज होता. समज कसला, खात्रीच!

कॅसेटी मागे पडून सीडी आल्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी गोंदियाहून होम थिएटर आणलं होतं. पाच लहान डबे आणि एक मोठा डबा. मोठ्या डब्याने ठोका दिला की मांडणीवरची भांडी थरथरायची. त्याच्यासोबत बाजारातून एक सीडीही आणली. 'डीजे झटका' या नावाचा गोंदियाचा एक रिमिक्सवाला होता, त्याने जुनी भीमगीतं जमवून, त्यांना ढोल-ताशे आणि मशीनचे ठोके लावून, सगळी एका सीडीत भरली होती. कव्हरवर काळ्या चष्म्यातला त्याचा फोटो, मागे विजा चमकताहेत. दर गाण्याच्या मधोमध एक बाई विलायती थाटात ओरडायची, "डीजे झटकाsss!" गाणं कितीही गंभीर असो, झटका बसायचाच.

रविवारी दुपारी ऐकायला बसलो. पहिली सहा गाणी मान हलवत ऐकली. सातवं लागलं आणि मी ताठ बसलो. नाव होतं 'केशोरी मिक्स'. आमच्या गावाचं नाव! गाणंही आमच्याच गावात कुणीतरी बांधलेलं. आणि ढोलांच्या खालून एक आवाज येत होता. जाड, संथ, पुरुषाचा. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज मी कुठेतरी ऐकला होता. कुठेतरी म्हणजे अगदी जवळ, घरात.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. बाबा!

बाबा तरुणपणी जयंतीच्या मंडळात होते. "मी गात होतो," असं ते सांगायचे. गावातले लोक म्हणायचे, "तो खंजिरी वाजवे." दोन्ही खरं असेल, असं मी धरून चाललो होतो.

"बाबा, लवकर या! सीडीत तुमचा आवाज हाय!"

बाबा अंगणात सुतळी वळत होते. तशीच सुतळी घेऊन आत आले.

"माहा? माहा आवाज असा कुठी हाय गा?"

"जवानीतला होये, बाबा. नीट ऐका."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "नाही वाटत," म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आखीन एकदा लाव बरं."

तेवढ्यात आई सूप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तांदूळ पाखडणं थांबलं होतं. गाणं संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मग एवढंच म्हणाली, "हा त्यायचा आवाज नोहे."

"आई, रिमिक्स होये हे. तुले नाही समजाचं."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, इतकी घाई काय होती? खरं सांगू? मला तो आवाज बाबांचाच हवा होता. माणसाने जन्मभर भातगिरणीत पोती उचलली. मंडळाचा एक जुना फोटो आहे, त्यात बाबा दुसऱ्या रांगेत, आणि पुढच्याच्या फेट्याने त्यांचा अर्धा चेहरा झाकलेला. फोटो दाखवताना त्यांना बोट ठेवून सांगावं लागतं, की हा कान माझा. अशा बापाचं काहीतरी एक, सीडीत का होईना, पहिल्या रांगेत असावं असं पोराला वाटणार नाही का?

वाटलं. आणि तिथेच घोळ सुरू झाला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी ऐकणाऱ्यांची रीघ लागली. मी सातवं गाणं लावायचो, बरोबर आवाज लागला की बोट वर करायचो आणि म्हणायचो, "ओळखा!" लोक बाबांकडे बघायचे. समोर माणूस बसला आहे, पोरगा बोट वर करून उभा आहे, चहा येतो आहे. नाही कोण म्हणेल?

"अरे, हा त तूच होय ना गा!" मंडळाचे अध्यक्ष रामदासकाका म्हणाले. "इतके दिवस बोलला काऊन नाही?"

"आता आपल्या तोंडानं का सांगाचं?" बाबा म्हणाले.

पाहिलंत? 'नाही वाटत'वरून गाडी इथवर आली होती. आठवड्याभरात ती आणखी पुढे गेली. "दुसऱ्या कडव्यात आवाज जरा बसला हाय," ते पाहुण्यांना समजावू लागले, "तवा मले सर्दी झाली होती." मग त्यांनी ताक सोडलं. माठातलं पाणी सोडलं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या, त्या अशा सुरात, की कोंबड्या अंगण सोडून पळायच्या. आणि चैत्रातल्या आमच्याकडच्या उन्हात, जिथे कुत्रं सावली सोडत नाही, तिथे हे गळ्याला मफलर गुंडाळून चौकात बसायला लागले! गुळण्यांचं पाणी आई तापवून द्यायची. आणि पुन्हा सूप हाती घ्यायची.

रामदासकाकांनी ठरवलं, जयंतीच्या कार्यक्रमात बाबांचा सत्कार करायचा. निवेदन कुणाचं? माझं. पाहुणा कोण? डीजे झटका! सीडीच्या कव्हरवर नंबर होता, मी लगेच फोन लावला.

"केशोरीवाला सिंगर मिल गया!" मी म्हणालो.

"क्या बात कर रहे भैया!" तो जवळजवळ किंचाळला. "कितना ढूंढा मैंने! नानी केशोरी की थी, उसकी पेटी से कॅसेट निकली. नाम किसी को मालूम नहीं था."

"सत्कार ठेवला आहे. तुम्ही या, कॅसेट पण आणा."

"लाता हूं. पर भैया, ओरिजिनल में थोडा..."

"ओरिजिनलच ऐकवू!" असं म्हणून मी फोन ठेवला. निवेदकाला दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायची सवय नसते.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मांडव भरला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या लुगड्यांमधल्या बाया. बाबा स्टेजवर, मफलरसहित. डीजे झटका चष्मा घालूनच आला होता, आणि पाय मात्र त्याने सगळ्या म्हाताऱ्यांचे धरले. मी माइक घेतला आणि सुटलो. कष्टकऱ्याचा गळा, दुसऱ्या रांगेतला माणूस, काळाच्या पडद्याआड गेलेला आवाज. मलाच भरून आलं. रामदासकाकांनी बाबांना शाल घातली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. झटका मागून माझी बाही ओढत होता, पण टाळ्यांपुढे मला दुसरं काही जाणवत नाही.

"आणि आता," मी म्हणालो, "ऐकू या बाबांचा मूळ आवाज!"

झटक्याने कॅसेट लावली. खरखर झाली. आणि भोंग्यातून जो आवाज निघाला, तो बाईचा!

उंच, लख्ख, धावता आवाज. एका दमात अख्खी ओळ घेऊन पुढे जाणारा. सगळ्या माना भोंग्याकडे वळल्या. आणि तुमचा हा मित्र, आवाजातला जाणकार, माइकवर काय म्हणाला असेल?

"मंडळी, क्षमा असावी! मशीन बिघडली आहे. कॅसेट जोरात फिरत असल्यामुळे बाबांचा आवाज बाईसारखा येतो आहे!"

"भैया, मशीन ठीक है," झटका बिचारा हळूच म्हणाला. पण माइक मी त्याच्याकडेच वळवला होता, त्यामुळे ते गावभर ऐकू गेलं. "यही ओरिजिनल है. गाना इतना तेज था कि मेरे ठेके पे बैठ ही नहीं रहा था. मैंने स्लो किया, तो आवाज भारी हो गया. ये देखो."

त्याने एक बटण खाली फिरवलं. आवाज घसरत घसरत बाबांचा झाला. वर फिरवलं, पुन्हा बाईचा. खाली, बाबा. वर, बाई. पोरं हसायला लागली. बाबांचा हात मफलरवर गेला.

"मग ही बाई कोन होये?" मी विचारलं. तेही माइकवरच.

बायांमधून शेवंतामावशी उठली. आईची लहानपणची मैत्रीण. कमरेवर हात ठेवून, माइकशिवाय ओरडली, "अगा गुरुजी, तुही मायच होय ते! लग्नाच्या आधी आमी दोघी माहेरच्या बायायच्या मंडळात होतो. मांगून टाळ मीच वाजवून राहिली हावो!"

मांडवात असा हशा पिकला, की विहारावरची पाखरं उडाली. मी आईला शोधलं. ती अगदी मागे बसली होती, पदर डोक्यावर ओढून, खाली बघत. ती हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही.

बाबांनी आधी मफलर काढला. माझ्या हातातल्या माइकजवळ येऊन म्हणाले, "ऐकून ऐकून मले बी माहाच वाटाले लागला होता गा." मग खाली उतरले आणि सरळ बायांच्या बाजूला गेले. आमच्या गावात असं कुणी जात नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी ती शाल आईच्या खांद्यावर घातली, नारळ तिच्या ओटीत ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. मला बाबांचा त्या दिवसाइतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

"सुलो, म्हन वं!" शेवंतामावशी आईला म्हणाली.

आईने गायलं. सुरुवातीला आवाज अडखळला, वयाने थोडा चिरकलाही. पण दुसऱ्या कडव्याला तो धावायला लागला आणि झटका मान हलवत राहिला, कारण त्याचा ठेका खरंच मागे पडत होता. माइक अजून माझ्याच हातात होता. तो तिच्यापर्यंत नेऊन द्यावा, हे मला सुचलंच नाही. तिला त्याची गरजही पडली नाही.

घरी जेवताना मी विचारलं, "आई, गानं काऊन सोडलं तू?"

"सोडलं कुठी? लग्न झाल्यावर कोनी म्हन म्हनलंच नाही." तिने मला भात वाढला. "पाखडताना म्हनत राहो. त तू म्हने, आई, आवाज कमी कर, माहा अभ्यास होऊन राहिला."

मी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला, खोटं नाही सांगत. घरात ऐकलेला आवाज म्हणून जो मी ओळखला होता, तो बरोबरच ओळखला होता. फक्त माणूस चुकला. कारण आई गात असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. झटक्याने निदान तिचा आवाज मंद करून का होईना, लोकांना ऐकवला. आम्ही तो घरात पुरता बंद करून ठेवला होता.

"मंग सीडी लावली त्याच दिवशी सांगतलं काऊन नाही?"

"श्वास माहा होता, आवाज बाप्यामानसाचा," ती म्हणाली. "कोनाले सांगू? म्हनतील, बुढी येडी झाली. आन अर्धं सांगतलं होतं मी. तू म्हनला, तुले नाही समजाचं."

मी ताटातला भात उगाच कालवत राहिलो. बाबा मात्र मान खाली घालून हसत ताक पीत होते. त्यांचं ताक त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं.

पुढे झटक्याने सीडी पुन्हा काढली, तेव्हा सातव्या गाण्यासमोर आईचं नाव छापलं. 'डीजे झटका'वाली ती बाई अजूनही गाण्याच्या मधोमध ओरडते, पण आईला ते आवडतं. म्हणते, तेवढ्यात दम घेता येतो.

आणि शाल? ती आई वापरत नाही, जपून ठेवते. थंडीत सकाळी मी शाळेत जायला गाडी काढली की ती बाहेर आणते, माझ्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळते आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात म्हणते, "कान झाका, गुरुजी. कामाचे नाहीत, पन दिसाले बरे हायेत."