वगळलेलं त्याच वाक्यात

जुन्नरला वजीर टेलर यांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची मुलगी महेक काम करते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी ती दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर सांभाळते. खाली शिलाई मशीन चालू झालं की तिच्या टेबलावरचा पाण्याचा पेला हलकेच थरथरतो. मीटिंगमध्ये कुणी आवाजाबद्दल विचारलं, तर ती म्हणते, “अब्बा कामावर आहेत.”

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठरलेला असतो. त्याला टाइप म्हणतात : वजन, फॅट, पावती. ज्या टाइपमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवायचा, त्याच्यावर तशी खूण लावावी लागते. असे तीनशे टाइप. दोन वर्षांपूर्वी महेकनं तीनशे फायली उघडण्याऐवजी अ‍ॅस्पेक्ट वापरला. म्हणजे एका वेगळ्या फायलीत टाइपांच्या एकेका गटासाठी एकच वाक्य लिहायचं आणि ते सांगेल त्या सगळ्या टाइपांवर बाहेरूनच खूण लागायची. जुन्या कोडला धक्का नाही.

वाक्य मात्र वाचायला अवघड होतं. आधी टाइपच्या गटाचं लांबलचक वर्णन, खूण अगदी शेवटी, आणि कुणाला वगळायचं ते दुसऱ्याच फायलीत. मागच्या महिन्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या गोरखनं वजनाच्या गटात ‘तात्पुरतं वजन’ असा नवा टाइप केला. काटा स्थिर होईपर्यंतचे आकडे त्यात यायचे. तो वगळायला हवा हे त्याला कळलंच नाही. एका सकाळी काट्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद होऊ लागली, सगळं मंदावलं आणि केंद्रांवर लोक कॅन घेऊन ताटकळले.

टीमची प्रमुख श्रेया पेठ गावची. ती फार बोलत नाही. “गुरुवारपर्यंत लिहिण्याची पद्धत बदल. गोरखला न समजावता वाचता आली पाहिजे. नाहीतर अ‍ॅस्पेक्ट काढून टाकू, खुणा हातानं लावू.”

मंगळवारी महेकनं नव्या मांडणीचा नमुना गोरखला पाठवला. खूण सर्वांत आधी, मग टाइपचा गट. वगळायची नावं फायलीच्या शेवटी, एकत्र. गोरख डिंभ्याहून फोनवर होता.

“माझीच परीक्षा का, राव?”

“चुकला कोण होता, गोरखभाऊ?”

“म्हंजे सांडलं मी आन् पुसायचं बी मीच!” तो वाचू लागला. “वजनाच्या सगळ्या टाइपांवर नोंदीची खूण. झालं.”

“आणि तात्पुरतं वजन?”

“ते कुठं लिवलंय?”

“खाली. शेवटी.”

“मी तिथवर गेलोच न्हाई.”

महेक जिना उतरून दुकानात आली. कपडे न्यायला गिऱ्हाईक येत होतं. वजीरभाईंच्या दारालगतच्या फळीवर आज न्यायचे कपडे रचलेले होते. कपड्यावर ते काही लिहीत नाहीत, चिठ्ठीही टाचत नाहीत. त्या फळीवर असलेलं तयार, एवढंच. खोडदचे दादाभाऊ आपली पँट उचलायला गेले आणि थांबले. तिच्या पट्ट्याला चिंधीची गाठ होती.

“चाचा, अजून न्हाई व्हय?”

“एक बटन राहिलं. बसा.”

ही गाठ महेक लहानपणापासून बघत होती. आज तिनं विचारलं, “अब्बा, अर्धवट असलेलं आत का नाही ठेवत?”

“आत ठेवलं तर लोक इथं शोधत बसतील, आणि मी आत विसरेन.” त्यांनी दातानं दोरा तोडला. “जिथं हात जातो तिथंच गाठ पाहिजे.”

ती वर गेली. नमुन्यातली वगळायची नावं शेवटून उचलून तिनं त्या-त्या वाक्यातच, गटाच्या नावाला लागून लिहिली. वाक्य लांबलं. ते सुबक दिसेना, पण तिनं तसंच राहू दिलं.

गुरुवारी मीटिंगमध्ये श्रेयानं ते पडद्यावर टाकलं. महेकनं स्वतःचा माइक बंद केला.

“नोंदीची खूण,” गोरख वाचू लागला, “वजनाच्या सगळ्या टाइपांवर, तात्पुरतं वजन सोडून.” तो थांबला. “एवढंच?”

“तुला कुणी सांगितलं का?” श्रेयानं विचारलं.

“सांगायचं काय त्यात? समोरच लिवलंय की.”

श्रेयानं मान डोलावली. “अ‍ॅस्पेक्ट राहू दे. जुनी वाक्यं किती आहेत?”

महेकनं माइक चालू केला. “एकसष्ट.”

“सगळी बदल. मग मी पुन्हा तपासते.”

मीटिंग संपली. खाली मशीन पुन्हा सुरू झालं. महेकनं मूळ फाइल उघडली आणि पहिलं वाक्य गोरखच्याच टाइपचं घेतलं.