आवाजाच्या पुढे

मुलीचं हवाई दल अकादमीतलं दीक्षान्त संचलन बघायला आम्ही दोघं खुर्च्यांवर जरा अवघडूनच बसलो होतो. एकदम आकाश फाटल्यासारखा आवाज झाला. मी दचकून वर पाहिलं, तर तिथं काहीच नव्हतं. लढाऊ विमानं केव्हाच झाडांपलीकडे गेली होती.

"आवाज येतो तिथं बघू नकोस, आई. विमान त्याच्या पुढं असतं," लेकीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं.

पण सवय जात नाही. आमच्या गावच्या शाळेत विमानाचा आवाज आला की गुरुजीच शिकवणं थांबवायचे आणि अख्खा वर्ग पटांगणात येऊन हात हलवायचा. वैमानिक आपल्याला बघतोय, याबद्दल कुणालाच शंका नसे. त्या वर्गातून मी पदवीपर्यंत पोचले, घरातली पहिलीच. केवढी लांब आले, असं मला वाटायचं.

दुसऱ्या खेपेला मी आधीच पुढं पाहिलं. तीन विमानं लखकन दिसली आणि माझा हात आपोआप वर गेला.

"अगं, लोक बघतायत," हे कुजबुजले. "त्यांना काय दिसणारेस तू?"

माझा हात खाली आला. उद्या लेक त्या विमानात असेल. तिलाही मी दिसणार नाही.

संचलन संपल्यावर ती आली, पाया पडली आणि हसून म्हणाली, "हात हलवलास ना?"

"तुझी तर नजर समोर होती!"

"तू समोरच होतीस की."

"आणि वरून गं? वरून दिसेन?"

तिनं वर आकाशाकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू हलवत जा."