एबेरचा हंगाम

एल्बिया तेचेराची बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस काबोवर सापडायचा नाही. आमच्या गावाला सगळे नुसतं काबो म्हणतात, म्हणजे भूशिर. रस्ता नाही, विजेचे खांब नाहीत. वाळूच्या डोंगरांवरून हिंदकळत येणाऱ्या उंच ट्रकमधून पाहुणे उतरले, की खानावळीच्या भिंतीला टेकून एल्बिया उभी असायची. डोक्यावर नवऱ्याची लोकरी टोपी, बगलेत गरम पाण्याचा थर्मास, एका हातात माते नावाच्या कडू चहाचं भांडं आणि दुसऱ्या हातात जाड सरळ काठी. पाहुण्यांचे बूट ती आधी बघायची आणि चेहरे नंतर. सपाता घालून आलेल्या बाईला सांगायची, "बाई, समुद्राला तुमचे पाय बघायचे नाहीयेत. जा, बूट घालून या."

चालणं तसं थोडंच होतं. गाव संपलं की किनारा, किनारा संपला की खडक, आणि थर्मासमधलं पाणी संपायच्या आत दीपगृह. वास आधी यायचा, मग गुरगुर ऐकू यायची, आणि मग खडकांवर एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेले सील दिसायचे. पाहुणे त्यांना सील म्हणतात, आम्ही लांडगे म्हणतो. पाहुण्यांनी पुढे जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरीजवळ एल्बिया थांबायची आणि दुर्बीण हातोहात फिरवायची. नर कोणता, माद्या कोणत्या, पिल्लं कधी होतात, सगळं नीट सांगायची. मग कुणीतरी हमखास विचारायचं, की इथे पूर्वी यांना मारत होते ते खरं का?

"मारत होते. आता नाही मारत. चला पुढे."

एवढंच. मारणारा माणूस आपल्याच घरी खिडकीत बसलाय, हे ती सांगत नसे.

तिचा नवरा एबेर सोळाव्या वर्षी लांडगे मारणाऱ्या टोळीत लागला होता. तेव्हा मारणं हे सरकारी काम होतं. थंडी पडली की हंगाम लागे, मुकादम दारोदार जाऊन माणसं गोळा करी, आणि बोट त्यांना समोरच्या बेटांवर नेऊन सोडी. एल्बिया शेडमध्ये कातड्यांना मीठ चोळायची. एबेरनं सोललेल्या कातड्यावर कधी ओरखडा नसे, आणि त्याच्या लांडग्याच्या डोक्यावर कधी दुसरा घाव नसे. ते बघून आपण नवरा निवडला असं ती सांगते. ती थट्टा करतेय की खरं बोलतेय, हे तिच्या तोंडावरून कुणाला कधी कळलेलं नाही.

मग सरकारनं मारणं बंद केलं. बाकीचे मासेमारीला गेले, कुणी जवळच्या कास्तिल्योस गावात दुकान टाकलं, कुणी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. एबेर वाट बघत राहिला. दर वर्षी थंडी पडली की सुऱ्या पाजळायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला प्रकार. एल्बियानं पाहुणे न्यायला सुरुवात केली तेव्हा हाही सोबत जाई, आणि कुठे अडवायचं, कुठे मारायचं ते हातवारे करून सांगे. एकदा राजधानीतून, मोंतेविदेओहून आलेली एक बाई तिथेच ओकली. त्या दिवसापासून एल्बियानं त्याला घरी बसवला. "तुझी बडबड माझ्या पोटावर पाय देईल, म्हाताऱ्या," म्हणाली.

पुढे तो विसरू लागला. आधी नावं गेली, मग घरची वाट गेली, मग पोटची पोर ओळखेना. त्यांची मुलगी निविया कास्तिल्योसला औषधाच्या दुकानात असते. तिनं तिथलं म्हाताऱ्यांचं एक घर बघून ठेवलं होतं. स्वच्छ होतं, अंगण होतं, बायका प्रेमळ होत्या. निविया दर महिन्याला येई आणि विषय काढी. एल्बिया दर महिन्याला तो मोडून काढी. खिडकीतून समुद्र दिसला नाही तर तो चार दिवस जगायचा नाही, असं तिचं म्हणणं.

"आणि त्याच्या हातून काही झालं तर, आई?"

"काय व्हायचंय त्याच्या हातून? बुटाची नाडी बांधता येत नाही त्याला. मी आहे तोवर तो इथंच राहील."

हट्टी बाई. पण खरं सांगायचं तर हट्टापेक्षा भीतीच जास्त होती. शेडमध्ये मीठ चोळणाऱ्या तरुण एल्बियाला ओळखणारं आता तो सोडून कुणी उरलं नव्हतं, आणि तोही अधूनमधूनच ओळखत होता.

त्या वर्षी थंडी सरता सरता दक्षिणेकडून रोग आला. आधी पक्षी पडले, मग सील. पाण्यातून बाहेर येताना झोकांड्या खायचे, अंगाला झटके यायचे, तोंडाला फेस. दोन-दोन दिवस तडफडायचे. किनाऱ्यावर इकडून तिकडे काळी प्रेतं, आणि त्यांच्यात पांढऱ्या झग्यांतली सरकारी माणसं खड्डे खणताहेत. दीपगृहाची वाट बंद झाली. कुत्री बांधा, मेलेल्याला हात लावू नका, जिवंतालाही लावू नका, असं घरोघर सांगून गेले. एल्बियाचा धंदा बसला. तिनं कुत्रा बांधला, सुऱ्या लपवल्या, दाराला कडी घातली. खिडकी मात्र ती बंद करू शकत नव्हती. खिडकीसाठीच तर सगळं भांडण होतं.

आणि खिडकीतून एबेरला किनारा दिसला. हवेत गारवा होता, वाळूवर लांडगे ओळीनं पडले होते, माणसं त्यांना ओढत होती. इतकी वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते समोर चाललं होतं.

"हंगाम लागला," तो म्हणाला. "आणि मला बोलावलं नाही?"

एल्बियानं त्याला सगळं समजावून सांगितलं. रोग आहे, कुणी मारत नाहीये, आपोआप मरताहेत. त्याला कळलं, आणि तो रडला. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा खिडकीशी, पुन्हा तेच. रोज सकाळी त्याला नव्यानं कळायचं आणि रोज तो नव्यानं रडायचा. शेवटी तिनं सांगणं सोडलं. तर तो वेगळंच विचारू लागला.

"माझं काय चुकलं, म्हातारे? कुणाचं कातडं फाडलं का मी?"

भल्याभल्यांना गप्प करणारी एल्बिया यावर पाठ फिरवून चुलीशी जायची. टोळीनं टाकलेल्या माणसाची लाज त्याच्या तोंडावर दिसायची, आणि ती तिला बघवत नसे.

एका दुपारी ती पाणी आणायला गेली आणि कडी घालायची राहिली. काठी घेऊन ती शोधत निघाली, तर एबेर सापडला थेट दीपगृहाखाली. त्याच्यासमोर एक मादी पडली होती, अर्धी मेलेली. मान वाकडी होऊन गोल गोल फिरत होती, डोळे उघडे. एबेर संतापला होता.

"कुणी सोडली ही अशी? कुणाचा घाव हा? जनावराला असं अर्धं सोडतात?" मग त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. "दे ती काठी, एल्बिया."

वर्षभरात त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

पांढरे झगे पलीकडच्या किनाऱ्यावर होते. त्याला ओढून घरी न्यायला हवं होतं, हे तिला ठाऊक होतं. ते जनावर मात्र तिच्याकडे बघत होतं, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी नवरा दिसत होता. तिनं काठी दिली. त्यानं पाय रोवले आणि एकच घाव घातला. मानेचं फिरणं थांबलं. त्यानं वाळूनं हात घासले, काठी परत दिली आणि म्हणाला, "चल, भूक लागली."

त्या दिवशी तो दोनदा मागून मासे जेवला.

पांढऱ्या झग्यातल्या एका डॉक्टरीणबाईनं लांबून हे पाहिलं होतं. ती संध्याकाळी आली, रागावली नाही. दोघांची नाकं तपासली, काही दिवस घराबाहेर पडू नका म्हणाली, आणि जाताना दारात थांबून एवढंच बोलली, की त्यांच्या हातात काठी देऊ नका. एल्बिया हो म्हणाली. पण तिनं मनावर घेतलं नाही, कारण एबेर सुधारला होता. कोंडलेल्या त्या दिवसांत त्यानं आपल्या हातानं नाडी बांधली. सकाळी तिच्या आधी उठून माते केलं. टोळीत घेतलेला माणूस झाला होता तो पुन्हा. एल्बिया कुंपणापाशी येऊन आम्हाला हे सांगायची तेव्हा तिचा आवाज पोरीसारखा व्हायचा. रोगाच्या त्या घाणेरड्या दिवसांत गावात एकटी तीच खुशीत होती.

उन्हाळा आला, रोग ओसरला, वाट उघडली. खडकांवर पूर्वीच्या निम्मेही सील उरले नव्हते. पण पाहुण्यांना पूर्वीचं काय माहीत? ते आले. एल्बिया आता एबेरला सोबत नेऊ लागली, आणि काठी त्याच्या हातात देऊ लागली. काठी हातात असली की तो ताठ चालायचा. पाहुण्यांना हा गप्प म्हातारा आवडायचा, त्याच्या शेजारी उभं राहून ते फोटो काढायचे. निवियाला तिनं फोनवर सांगितलं, तुझं ते घर दुसऱ्या कुणाला दे.

त्या दिवशी ती पाहुण्यांना दुर्बिणीतून पिल्लू दाखवत होती. तिचं लक्ष गेलं तेव्हा एबेर दोरीपाशी नव्हता. मागच्या किनाऱ्यावर लाटांवर खेळून आलेला एक माणूस वाळूवर पालथा पडला होता. नखशिखांत काळा रबरी पोशाख, डोक्यावर काळी टोपी, हात अंगालगत, डोळे मिटलेले. ओला, चकाकणारा. एबेर त्याच्याकडे चालला होता, पण सरळ नाही. वळसा घालून, पाण्याच्या बाजूनं. आधी समुद्राची वाट अडवायची, मग जवळ जायचं, ही टोळीची पहिली शिकवण.

कुठल्या बाजूनं जातोय एवढ्यावरून एल्बियाला सगळं कळलं. ती ओरडत धावली. ओरडण्यानं तो माणूस कुशीवर वळला, म्हणून काठी डोक्यावर न बसता गळ्याच्या हाडावर बसली. हाड मोडल्याचं तिला इतक्या लांबून ऐकू आलं. माणूस किंचाळला. एबेरनं काठी पुन्हा उचलली, घाव अर्धा राहिला होता, आणि अर्धा सोडणाऱ्यातला तो नव्हता.

"भरलं!" एल्बियानं मुकादमाची हाक दिली. "भरलं, पोरांनो, बस!"

दिवसाचं मारणं पुरं झालं की मुकादम अशी हाक द्यायचा. एबेरनं तत्काळ काठी खाली केली आणि मुकादम कुठे दिसतो ते बघू लागला.

तो माणूस मोंतेविदेओचा दातांचा डॉक्टर होता. भला निघाला, पोलिसांत गेला नाही. ट्रकवर चढवताना त्याच्या बायकोनं एल्बियाला विचारलं, "अशा माणसाला तुम्ही मोकळं का ठेवता हो?" शिवी दिली असती तर एल्बियानं चार परत दिल्या असत्या. पण बाईनं खरंच विचारलं होतं. काठी कुणी दिली होती? आपलेच दात, आपलेच ओठ. ती तशीच फोन लागतो त्या टेकाडावर चढली आणि निवियाला म्हणाली, "ये. त्याला घेऊन जा."

शनिवारी निविया यायची होती. आदल्या दिवशी एल्बियानं भाकरी भाजल्या, टिकाऊ, जाड कवचाच्या, बेटावर न्यायच्या असत तशा. त्याला खरं सांगून न्यायचं तर चौघांनी धरून न्यावं लागलं असतं, आणि धरलेला एबेर तिला बघायचा नव्हता. तिनं पिशवी भरली. लोकरी मोजे, दोन सदरे, भाकरी. डोक्यावरची टोपी काढून तीही आत ठेवली. ट्रक येऊन थांबला तेव्हा ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"ऊठ, म्हाताऱ्या. मुकादमानं बोलावलंय."

एबेर उठला. "मला?"

"तुलाच."

"सुऱ्या?"

"मुकादमाकडे आहेत."

त्यानं नाडी बांधली, पिशवी खांद्याला लावली, आणि मग जरा थांबला. कुणाही बरोबर कामाला जाणारा माणूस नव्हता तो. "टोळीत कोण कोण आहे?"

एल्बियानं नावं घेतली. काणा रिवेरो. आकोस्तांचे दोघे भाऊ. लिसांद्रो. रोसेंदो पेरेयरा. यांतल्या तिघांना वाळूपलीकडच्या स्मशानात पुरताना ती हजर होती, आणि आकोस्ता भाऊ समुद्रानं परतच दिले नव्हते. निविया दारात तोंडावर हात धरून उभी होती.

"सगळे आलेत?"

"सगळे आलेत. तुझीच वाट बघतायत."

"मग चांगली टोळी आहे," एबेर म्हणाला.

तो रडेल, हात सोडणार नाही, दाराची चौकट धरून बसेल, अशी मनाची तयारी करून एल्बिया रात्रभर जागली होती. तो आनंदानं निघाला, आणि तेच तिला सोसलं नाही. तिनं हाक मारली, त्याच्या नावानं, दोनदा. पण कामावर निघालेल्या माणसानं मागे वळून बघायचं नसतं. कुणाचा हात न धरता एबेर ट्रकवर चढला, आणि लवकर चला, बोट थांबायची नाही, म्हणून त्यानं ड्रायव्हरला दटावलं.