पिंपातले तास

नवऱ्याने हौसेने घेतलेली बोट देवबागला आमच्या अंगणात असते आणि तो नोकरीसाठी मुंबईत. इंजिन गंजून अडकू नये म्हणून दर रविवारी मी त्याच्याखाली पाण्याचं पिंप लावते आणि पंधरा मिनिटं ते चालवते. पिंप भरून माझा खांदा गेला. यंदाही फारसं फिरणं झालं नाही तर बोट विकायची, असं आमचं ठरलं होतं.

सर्व्हिसिंगला आलेल्या मेकॅनिकने इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर वाचला. "वयनीनू, वर्षात चौदा तास. बरीच फिरवलात."

मी नवऱ्याला फोनवर आकडा सांगितला.

"बघ, म्हणजे विकूक नको."

"त्यातले तेरा तास पिंपातले आसत. माझे."

"मे महिन्यात येतंय मां."

मी मेकॅनिकला गिऱ्हाईक बघायला सांगितलं आणि पिंप उपडं करून ठेवलं.